त्सेदाका: यहुदी धर्मातल्या देण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याचं लाल देऊळ, भायखळ्याचं मागेन दाविद, ठाण्याचं सिनेगॉग ही यहुदी प्रार्थनास्थळं बघायला मंडळींना घेऊन जाणं हा माझा बरीच वर्षं चाललेला उद्योग आहे. कोणी तिथल्या त्सेदाकाच्या पेटीकडे बोट दाखवून विचारतं, कोणी घरी गेल्यावर मेल पाठवतं. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. प्रश्नांना आकडे दिले आहेत, कारण एका उत्तरातलं दुसऱ्यात लागतं.

१. 'त्सेदाका' म्हणजे काय? आणि म्हणायचं कसं?

उच्चार मराठी माणसाला सोपा आहे. पहिलं अक्षर 'चमचा'तला च, 'चहा'तला नव्हे. जोर शेवटच्या 'का'वर. हिब्रू धातू त्स-द-क. त्यातूनच 'त्सेदेक' म्हणजे न्याय आणि 'त्सादिक' म्हणजे नीतीने वागणारा माणूस हे शब्द आले. त्सेदाका म्हणजे जे न्याय्य आहे ते करणं. गरजूला पैसे देणं हा अर्थ त्यातूनच पुढे रूढ झाला. आपल्या कानावरचा 'सदका' हा अरबी शब्द याचा चुलतभाऊ.

२. मग सरळ 'दान' म्हणायला काय हरकत आहे?

बोलताना म्हणा, मीही म्हणतो. पण दान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कर्ण येतो: देणारा मोठा, त्याची मर्जी, त्याचं पुण्य. त्सेदाकात देणाऱ्याची मर्जी फारशी विचारात घेतलेली नाही. ते देणं आहे, 'माझं त्याला इतकं देणं आहे' म्हणतो त्या अर्थाने.

गावगाड्यातलं बलुतं आठवा. सुगीला सुताराला धान्य घालताना कुणबी उपकार करत नव्हता, तो त्याचा हक्क होता. बलुत्यामागे कामाचा मोबदला होता आणि त्सेदाकात तो नसतो, एवढा फरक सोडला तर मला यापेक्षा जवळची उपमा सापडलेली नाही.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. ऐपत असून न देणाऱ्यावर धर्मन्यायालय सक्ती करू शकत असे. तालमूदमध्ये, म्हणजे जुन्या विद्वानांच्या कायदेचर्चेच्या महाग्रंथात, रावा नावाच्या विद्वानाने एका सधन गृहस्थाकडून ४०० झूझ (त्या काळचं चांदीचं नाणं) सक्तीने वसूल केल्याची नोंद आहे. दान सक्तीने वसूल होत नाही, थकबाकी होते.

३. हे सगळं सुरू कुठून झालं?

शेतातून. तोरा म्हणजे यहुद्यांचे पाच मूळ धर्मग्रंथ. त्यातल्या 'लेवीय' आणि 'अनुवाद' या ग्रंथांत शेतकऱ्याला सांगितलं आहे: कापणी करताना शेताचा कोपरा सोड, हातातून गळलेली कणसं उचलू नकोस, एखादी पेंढी विसरलास तर ती आणायला मागे फिरू नकोस. ते गरिबांचं, विधवांचं, अनाथांचं आणि परक्यांचं. आपल्याकडे कापणीनंतर बायका सरवा वेचतात, तसंच. फरक इतकाच की तिथे सरवा वेचू देणं मालकाच्या स्वभावावर सोडलेलं नाही. कोपरा किती सोडायचा यालाही मिश्नाने, म्हणजे तालमूदच्या गाभ्यातल्या नियमसंग्रहाने, तळ घालून दिला: साठावा हिस्सा, त्याहून कमी नाही.

बेथलेहेमात बवाजाच्या शेतात सरवा वेचायला आलेली रूथ मवाबी होती, म्हणजे परकी. दावीद राजा तिचा पणतू.

सात वर्षांच्या चक्रात तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी पिकाचा एक दशांश गरिबांसाठी वेगळा निघे. शेतं सुटून यहुदी शहरांत, व्यापारात आले आणि हिशोब धान्याऐवजी पैशांत होऊ लागला.

४. किती द्यायचं?

सर्वसाधारण माप उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे 'माआसेर केसाफीम'. पाचवा हिस्सा दिला तर उत्तम. आणि कितीही ओढाताण असली तरी वर्षाला एक तृतीयांश शेकेल, म्हणजे नावापुरती का होईना, रक्कम दिलीच पाहिजे.

दहा टक्के हा कायदा की रिवाज, यावर रब्बींचे, म्हणजे यहुदी धर्मपंडितांचे, वाद आहेत. पुष्कळ जण तो भक्कम रिवाज मानतात. म्हणूनच नव्याने सुरुवात करणाऱ्याला 'बली नेदेर', म्हणजे 'नवस न धरता', असं म्हणून ठेवायला सांगतात. चांगली सवय तीनदा पाळली की ती नवसासारखी अंगाला चिकटते, आणि यहुदी धर्मात नवस मोडणं फार गंभीर.

५. दहा टक्के कशावर? पगारावर, की हातात पडतं त्यावर?

नोकरदार मंडळी हे हमखास विचारतात. आयकर कापून हातात येतं त्यावर, असं बहुतेक रब्बी सांगतात. धंद्यात माल, भाडं, नोकरांचे पगार वजा करून उरलेल्या नफ्यावर. घरखर्च मात्र वजा होत नाही. किराणा, वीजबिल, मुलांचे वाढदिवस काढून 'आता उरलं त्याच्या दहा टक्के' म्हणायची सोय ठेवली, तर कोणाकडेच काही उरणार नाही. ज्याचं घरच चालत नाही त्याची गोष्ट वेगळी (प्रश्न ७).

६. कोणी सगळंच देऊन टाकलं तर?

नको म्हणतात. ऊशा या गावी जमलेल्या विद्वानांनी ठरवून दिलं की पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त वाटू नये. कारण रोखठोक आहे: आज सगळं देईल आणि उद्या स्वतःच मागायला येईल. सर्वस्व सोडून झोळी घेणाऱ्याबद्दल आपल्याकडे जो आदर आहे, तो इथे शोधू नका.

मरताना मात्र हात सैल सोडता येतो. मार उकवा नावाच्या धनिक विद्वानाने शेवटच्या क्षणी आपल्या त्सेदाकाची वही मागवली. तीत ७,००० दीनार निघाले. तो म्हणाला, शिदोरी हलकी आहे आणि वाट लांबची. उरलेल्या मालमत्तेतली अर्धी त्याने तिथेच वाटून टाकली.

७. जो स्वतः मदतीवर जगतो, त्यानेही द्यायचं?

हो. तालमूद म्हणतं, त्सेदाकावर पोट भरणाऱ्यानेही त्सेदाका करावा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे निर्दय वाटलं होतं, पण आता वाटत नाही. कायम घेणाऱ्याच्या बाजूलाच बसलेल्या माणसाला अधूनमधून पलीकडे येऊन बसता यावं, अशी ही सोय आहे. रक्कम कितीही लहान चालते. पोटाला चिमटा काढायला कोणी सांगत नाही.

८. आधी कोणाला? घरच्यांना, गावाला, की इस्राएलला?

क्रम ठरलेला आहे: घरचे, नातलग, आपल्या गावातले गरीब, मग परगावचे. इस्राएलच्या भूमीतल्या गरिबांना परगावच्यांमध्ये अग्रक्रम. 'अनियेई इरखा कोदमीम', म्हणजे तुझ्या गावचे गरीब आधी, हे वचन यहुदी घरांत म्हणीसारखं वापरलं जातं. अन्नवस्त्राच्या बाबतीत बाईची गरज पुरुषाच्या आधी भागवावी असंही सांगितलं आहे, कारण दारोदार मागणं तिला जास्त लाजिरवाणं.

हा क्रम म्हणजे रांग नव्हे. गावातला शेवटचा गरीब तृप्त झाल्यावरच परगावचं बघू म्हटलं, तर परगावची पाळी येणारच नाही. बहुतेक जण मोठा वाटा जवळ आणि थोडा दूर असं करतात.

९. आई-वडिलांना पैसे पाठवतो. ते दहा टक्क्यांत धरता येतील का?

आई-वडील गरजू असतील आणि तुम्ही स्वतःही ओढगस्तीत असाल, तर धरता येतात, आणि त्यांचा क्रमांक सगळ्यांत वरचा. पण हाताशी पैसा असून कोणी जन्मदात्यांचा खर्च गरिबांच्या हिश्श्यातून भागवत असेल, तर तालमूद त्याला शाप देतं. शब्दशः. त्सेदाकाच्या चर्चेत एरवी इतकी कडक भाषा क्वचितच दिसते.

१०. 'आठ पायऱ्या' म्हणतात त्या कोणत्या?

मोशे बेन मायमोन, म्हणजे मायमोनिडीस. यहुदी त्याला 'रामबाम' म्हणतात. स्पेनमधल्या कोर्दोव्यात जन्मलेला आणि १२०४ मध्ये इजिप्तमध्ये वारलेला हा वैद्य आणि कायदेपंडित. त्याने आपल्या 'मिश्ने तोरा' या संहितेत देण्याच्या आठ पायऱ्या लावून ठेवल्या. तळापासून सांगतो.

सर्वांत खाली, कुरकुरत देणारा. त्याच्या वर, हसतमुखाने पण कमी देणारा. मग मागितल्यावर पुरेसं देणारा, मग मागायच्या आधी देणारा. इथून पुढे प्रश्न येतो कोणाला काय माहीत आहे याचा. पाचवीवर घेणाऱ्याला देणारा माहीत असतो, पण देणाऱ्याला घेणारा कळत नाही. जुने विद्वान उपरण्याच्या टोकात नाणी बांधून ते पाठीवर टाकत आणि चालू लागत. मागून येणारे सोडून घेत, त्यांचं तोंड दिसत नसे. सहावीवर उलट: देणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नाही. सातवीवर दोघांनाही काही माहीत नाही. जेरुसलेमच्या मंदिरात एक गुप्त खोलीच होती. पापभीरू लोक तिच्यात गुपचूप टाकत आणि चांगल्या घरातले पण हलाखीत आलेले लोक गुपचूप उचलत.

आणि सर्वांत वर? माणूस पूर्ण कोसळायच्या आत त्याचा हात धरणं: कर्ज देणं, धंद्यात भागीदार करून घेणं, काम मिळवून देणं. म्हणजे त्याला पुढे कोणाकडे मागावं लागणार नाही. गंमत बघा, वरच्या पायरीवर गुप्तता उरतच नाही. भागीदाराला भागीदार माहीत असणारच. माझ्या मते रामबामचा मुद्दा गुपित राखण्याचा नव्हताच, तर माणसाची मान खाली जाऊ नये हा होता. काम मिळालेल्याची मान खाली जात नाही.

११. गुप्तदानावर इतका भर कशासाठी?

एक गोष्ट सांगतो. मार उकवा, प्रश्न ६ मधलाच, शेजारच्या एका गरिबाच्या दाराच्या बिजागरीच्या खोबणीत रोज चार झूझ ठेवून जाई. एक दिवस त्या गरिबाने ठरवलं, आज बघायचंच कोण ठेवतं ते. त्या दिवशी मार उकवाला अभ्यासगृहात उशीर झाला, म्हणून बायको त्याच्याबरोबर निघाली. दाराशी वाकलेले दोघं दिसताच गरीब बाहेर आला. हे दोघं पळत सुटले आणि समोर नुकतीच निखारे काढलेली भट्टी होती तिच्यात शिरले. मार उकवाचे पाय भाजू लागले. बायको म्हणाली, तुमचे पाय माझ्या पायांवर ठेवा. तिचे भाजत नव्हते. तो हिरमुसला. तेव्हा ती म्हणाली, मी घरात असते, गरीब माझ्या दारी येतो आणि मी दिलेलं तो तिथल्या तिथे खातो.

तालमूद यावरून म्हणतं की चारचौघांत दुसऱ्याला लाजवण्यापेक्षा माणसाने भट्टीत उडी घेतलेली बरी. मला मात्र जास्त आवडतो तो बायकोचा टोला. नवरा पैसे ठेवत होता. ते घेऊन गरिबाला बाजारात जावं लागे, रांधावं लागे. ती भाकरी देत होती.

१२. मग सिनेगॉगमध्ये देणगीदारांच्या नावाच्या पाट्या कशा?

शंका रास्त आहे. मुंबई-पुण्याची सिनेगॉगं संगमरवरी पाट्यांनी भरलेली आहेत, आणि आपल्या देवळांच्या फरशांवरही पायाखाली नावं असतातच. सोळाव्या शतकात पोलंडमधले रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी 'शुल्हान आरूख' या संहितेवरच्या टिपांत परवानगी देऊन ठेवली: धर्मकार्यासाठी वस्तू दिली तर तीवर नाव घालावं, ते स्मरण म्हणून राहतं आणि तसं करणं योग्यच. फुशारकी मारू नये, हेही तिथेच आहे.

प्रश्न ११ शी हे भांडत नाही. इमारतीला किंवा दिव्याला लाज वाटत नाही. गुप्तता हवी ती हात पसरणाऱ्या माणसासाठी.

१३. मागणारा खोटा निघाला तर? चौकशी करावी की नाही?

काय मागतो त्यावर अवलंबून. 'भूक लागली आहे' म्हणाला तर चौकशी नाही, आधी वाढा. 'अंगावर कपडा नाही' म्हणाला आणि ओळखीचा नसेल, तर चौकशी करायला हरकत नाही. या क्रमावर तालमूदमध्ये दोन विद्वानांचं बरोबर उलटसुलट मत आहे, पण निकाल असा लागला. भूक थांबत नाही.

रब्बी एलाझार यांचं तिरकस बोलणं मला फार आवडतं. ते म्हणत, भामट्यांचे उपकार माना, ते नसते तर मागणाऱ्या प्रत्येकाला नाही म्हणताना आपण रोज पापी ठरलो असतो. त्याच ग्रंथात दुसऱ्या बाजूचंही आहे: आंधळ्या-पांगळ्याचं सोंग घेऊन मागणाऱ्यावर मरायच्या आधी खरोखर ती पाळी येते.

पुरीमच्या सणाला हा नियम बाजूला ठेवतात. त्या दिवशी जो हात पुढे करेल त्याला द्यायचं.

१४. गरज म्हणजे किती? दोन वेळचं जेवण की आणखी काही?

'त्याला जे कमी असेल ते पुरेसं दे' असं 'अनुवाद' या ग्रंथात आहे. विद्वानांनी 'त्याला' या शब्दावर बोट ठेवलं. सगळ्यांना एक माप नाही.

बड्या घरातला एक माणूस कंगाल झाला होता. हिल्लेल नावाच्या जुन्या विद्वानाने त्याला बसायला घोडा आणि पुढे पळायला नोकर मिळवून दिला, कारण त्याला त्याची सवय होती. एक दिवस नोकर मिळेना, तर हिल्लेल स्वतः तीन मैल त्याच्या घोड्यापुढे पळाला. हे ऐकून आमच्या गटात दर वेळी कोणीतरी चिडतं: घोडा? कशाला लाड? पण बंगल्यातून चाळीत यावं लागलेल्या माणसाला भाकरीइतकंच काय काय टोचतं, ते चिडणाऱ्यालाही ठाऊक असतं. मर्यादा आहेच. गरज भागवायची आज्ञा आहे, श्रीमंत करून सोडायची नाही.

१५. उसने पैसे देणं यात बसतं का? आणि 'गेमिलुत हसादीम' म्हणजे?

बसतं, आणि वरच बसतं (प्रश्न १०). आपल्यातल्या गरजूला दिलेल्या कर्जावर व्याज घ्यायला तोरात बंदी आहे. रात्री पांघरायचं वस्त्र गहाण ठेवलं असेल तर ते सूर्यास्ताआधी परत करायचं, कारण त्याच्याकडे दुसरं काय आहे? वसुलीसाठी ऋणकोच्या घरात शिरायचं नाही, बाहेर उभं राहायचं. बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्थांना 'गेमाख' म्हणतात. पैशांबरोबर लग्नाचे कपडे, पाळणे, औषधं उसनी देणारेही गेमाख असतात.

ते नाव गेमिलुत हसादीमवरून आलं, म्हणजे माणुसकीने दुसऱ्याच्या उपयोगी पडणं. तालमूद त्याला त्सेदाकाहून तीन बाबतींत मोठं मानतं: त्सेदाका पैशाने होतो, हे अंगमेहनतीनेही. त्सेदाका गरिबालाच, हे श्रीमंतालाही. त्सेदाका जिवंतालाच, हे मेलेल्यालाही. मयताला खांदा देणं हा शेवटचा प्रकार, परतफेडीची आशाच नसलेला.

१६. पैसे गोळा कोण करतं? हिशोब कोण बघतं?

जुन्या काळी गावात दोन व्यवस्था असत. 'कुप्पा' म्हणजे पैशांची पेटी, दर शुक्रवारी वाटप. 'तमहुई' म्हणजे रोजचं अन्न. ज्याच्याकडे दोन वेळचं आहे त्याने तमहुईकडे जाऊ नये, ज्याच्याकडे चौदा जेवणांचं आहे त्याने कुप्प्यातून घेऊ नये. चौदा म्हणजे रोज दोन या हिशोबाने आठवडा. कुप्पा गोळा करायला किमान दोघं, वाटायला तिघं, कारण कोणाला किती हे ठरवणं न्यायनिवाड्यासारखं. रामबाम लिहितो की कुप्पा नसलेली यहुदी वस्ती त्याने पाहिली नाही आणि ऐकलीही नाही.

गोळा करणाऱ्याला 'गब्बाय' म्हणत. त्याला रस्त्यात नाणं सापडलं तरी ते स्वतःच्या खिशात घालायचं नाही, लोकांना शंका येईल. पेटीतली चिल्लर मोडायची तर दुसऱ्याकडून मोडून घ्यायची, स्वतःच्या पैशांशी बदलायची नाही. कोकणातल्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, सिनेगॉगांतही मुकादम, चौगुला आणि गब्बाय असे मानकरी असत. पहिले दोन शब्द आपल्या गावगाड्यातले, तिसरा हिब्रू, आणि खजिना तिसऱ्याकडे.

शिकणाऱ्यांची सोय निराळी होती. पूर्व युरोपात येशिवाचे, म्हणजे धर्मपाठशाळेचे, गरीब विद्यार्थी रोज एका वेगळ्या घरी जेवत. यिद्दिशमध्ये, म्हणजे तिथल्या यहुद्यांच्या बोलीत, त्याला 'दिवस खाणं' म्हणत. पुण्यात वार लावून जेवलेल्या पिढीला वेगळं समजावून सांगायला नको.

१७. देण्याचे ठराविक दिवस असतात का?

रोज चालतं, पण काही वेळा खास. पुरीमला किमान दोन गरिबांना प्रत्येकी एक भेट. वल्हांडणाच्या आधी 'माओत हित्तीम', म्हणजे गरिबांच्या मात्सासाठी (त्या सणाची बेखमीर भाकरी) गव्हाचे पैसे. नववर्ष ते योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) या दहा दिवसांत तर जोरात, कारण पश्चात्ताप, प्रार्थना आणि त्सेदाका या तिघांनी वाईट निवाड्याची धार बोथट होते असं त्या दिवसांच्या प्रार्थनेत येतं. आणि शुक्रवारी संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी (प्रश्न २४).

१८. शब्बाथला (शनिवारी, विश्रांतीच्या दिवशी) सिनेगॉगमध्ये गेलो तर पेटीत पैसे टाकू का?

नको. त्या दिवशी पैशाला हात लावत नाहीत. तोंडी कबूल करता येतं आणि नंतर द्यायचं.

१९. १८, ३६, १८० अशा रकमा का देतात?

हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. 'हाय' म्हणजे जिवंत. त्यातली अक्षरं ८ आणि १०, बेरीज १८. आपण १०१ देतो तसंच. नियम नाही, हौस आहे.

२०. देताना काही मंत्र म्हणतात का?

दिवा लावताना, भाकरी मोडताना, हात धुताना आशीर्वचन म्हणणारा हा समाज पैसे देताना गप्प असतो. एक कारण असं सांगतात की हे कर्म एकट्याच्या हातात नाही. समोरच्याने घेतलं नाही तर आशीर्वचन फुकट गेलं. माझं आपलं साधं मत: भुकेला समोर उभा असताना डोळे मिटून पुटपुटत बसू नये.

२१. गरिबी देवानेच दिली असेल, तर आपण मध्ये का पडायचं?

कर्मसिद्धान्तात वाढलेल्या आपल्या लोकांकडून हा प्रश्न येतोच. तो जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी तुर्नुस रुफुस या रोमन अधिकाऱ्याने रब्बी अकिवांना विचारला होता. तुमच्या देवाचं गरिबांवर प्रेम आहे तर तो त्यांना पोसत का नाही? अकिवा म्हणाले, आम्हाला तरायची संधी मिळावी म्हणून. रोमन म्हणाला, राजाने चाकराला कोंडून उपाशी ठेवायचा हुकूम दिला आणि कोणी त्याला खाऊ घातलं, तर राजा रागावणार नाही? अकिवांनी उपमाच बदलली: राजाने पोटच्या मुलाला कोंडलं आणि कोणी त्याला खाऊ घातलं, तर राजा त्याला बक्षीसच देईल.

पहिलं उत्तर मला अजूनही खटकतं. कोणाच्या भुकेवर माझं तरणं बेतलेलं असावं, हे पटत नाही. दुसरं पटतं.

२२. दिल्याने पैसा वाढतो असं खरंच मानतात?

मानतात. देवाची परीक्षा बघायला एरवी मनाई आहे, पण मलाखीच्या ग्रंथात दशांशाबद्दल देव स्वतःच म्हणतो, 'बघा परीक्षा घेऊन'. तालमूदने ही एकच सवलत मानली आहे.

२३. ससून घराण्याच्या देणग्या त्सेदाकात येतात का? पैसा तर अफूचा होता ना?

हा प्रश्न पुण्यात हटकून येतो. दाविद ससून बगदादहून आला, मुंबईत व्यापाराने गबर झाला, १८६४ मध्ये पुण्यात वारला. त्याची कबर लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल दाविदच्या आवारात आहे. ससून रुग्णालय १८६७ चं. तिथे पहिल्यापासून कोणत्याही जातिधर्माचा रोगी चालत आला आहे, आणि ते परंपरेला धरूनच आहे. बिगर-यहुदी गरिबांनाही यहुदी गरिबांबरोबर पोसावं, आजाऱ्यांना भेटावं, त्यांचे मृत पुरावेत, असं तालमूद सांगतं. कारण दिलंय ते 'शांततेच्या वाटा' राखण्यासाठी. त्याच्या वंशजांचा पैसा ससून डॉक आणि काळा घोड्याजवळच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगमध्ये दिसतो.

अफूचं खरं आहे. कापसाबरोबर चीनशी चाललेला अफूचा व्यापार हा त्या संपत्तीचा मोठा भाग होता. यहुदी कायद्यात चोरीच्या पैशातून केलेलं धर्मकृत्य बाद ठरतं. यशया संदेष्ट्याच्या तोंडी देव म्हणतो, लुटीच्या बळीचा मला तिटकारा आहे. पण अफू तेव्हाच्या इंग्रजी कायद्याने चोरी नव्हती. जमशेटजी जिजीभाईंसारखे पारशी व्यापारीही त्यात होते, आणि जे. जे. रुग्णालयावर त्यांचं नाव आहे. तांत्रिकदृष्ट्या पैसा चालला असता. कोणी मला विचारलं तर मी सांगतो की चीनमधल्या व्यसनी माणसाचंही काही देणं लागत होतं, आणि ते पुण्यात फिटत नाही. यावर आमच्या गटात भांडणं होतात, होऊ देत.

बेने इस्रायलांचं देणं या मानाने लहान, पण मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ मध्ये मुंबईत शाळा काढली, जी पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली गेली. समाज तेलघाण्यावरून, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हणवून घेत, कारकुनीपर्यंत पोचला तो अशा शाळांतून. रामबामच्या वरच्या पायरीचं हे कोकणी रूप.

२४. घरातली ती पेटी नेमकी कशी असते? कोणीही ठेवू शकतं का?

कोणताही डबा चालतो, फक्त वर फट हवी. युरोपातले यहुदी त्याला 'पुश्के' म्हणत.

मी लहानपणी पाहिलेला डबा ठाण्यातल्या शेजारच्या बेने इस्रायल घरातला. बिस्किटांचा पत्र्याचा, वर छिन्नीने पाडलेली फट, कडेला गंज. शुक्रवारी सूर्य कलला की आजी काचेच्या पेल्यात पाणी ओतायची, त्यावर खोबरेल तेल, त्यात वात. काडी ओढायच्या आधी पदराच्या गाठीतून नाणी काढून नातवंडांच्या हातावर ठेवायची. मी तिथे असलो तर माझ्याही. आम्ही रांगेने टाकायचो आणि मोजायचो, कोणाचं नाणं जास्त वाजलं ते. मग दिवा लागायचा आणि पुढे चोवीस तास कोणी पैशाला शिवायचं नाही.

डबा भरला की सिनेगॉगमध्ये जायचा आणि रिकामा होऊन परत यायचा. एकदा फट मोठी करून आम्ही दोघा पोरांनी चार आणे काढले होते. आजीला कळलं. ओरडली नाही, फक्त म्हणाली, "ते आपले नव्हतेच रे." तेव्हा मला वाटलं ती चोरीबद्दल बोलते आहे.